धरा दहा रुपये

ड्रिल मशीन मागायला गेल्यावर "किती इंचाचं भोक?" असं न विचारता "किती वेळ चालवणार?" असं जो विचारतो, तो माणूस तुमच्याही आळीत असणारच. नसेल तर तुम्ही भाग्यवान, किंवा भाड्यानं राहत असाल. आमच्या केडगावात त्यांना युनिटतात्या म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर असेल. आम्हाला त्याची कधी गरज पडलेली नाही.

तात्या साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं पंढरीला जातात, गुडघे बदलून घेतात, ग्रामपंचायतीला उभी राहतात. तात्यांनी हत्यारांचं कपाट भरलं. अर्धा इंची ड्रिल, चार इंची ग्राइंडर, जिगसॉ, विजेवरचा रंधा, टाइल कटर, ब्लोअर आणि पंचवीस वॅटचं सोल्डरिंग. यातलं कुठलंही हत्यार ते कुणालाही देतात आणि एक पैसा भाडं घेत नाहीत. फक्त ते चालवताना वीज किती लागली, ते सांगतात. ते ऐकून घ्यावं लागतं, आणि त्यापेक्षा भाडं परवडलं असतं.

आमच्याकडे केडगावच्याच नारायण महाराज बेटावरून आणलेली महाराजांची तसबीर लावायची होती. एक भोक तसबिरीला, तीन खालच्या फळीला. तात्या कापडी पिशवीत ड्रिल घेऊन आले, भिंतीकडे पाहिलंही नाही.

"मास्तर, मीटर कुठाय?"

मीटर पडवीत होता. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेत तात्यांनी मला जवळ बोलावलं. "हा तांबडा दिवा लुकलुकतोय ना, त्याच्याजवळ काय छापलंय वाचा."

"३२००."

"म्हणजे हा दिवा बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. युनिट धरा दहा रुपये. किती लुकलुकींना एक पैसा?"

मी मराठी शिकवतो. तात्यांनीच उत्तर दिलं. "तीनच्या जरा वर. धरा तीन. आता फ्रीज बंद करा."

ड्रिलची वीज मोजायची तर घरात दुसरं काहीही चालू असून चालणार नव्हतं. फ्रीज बंद झाला. पंखे बंद झाले. राऊटर बंद झाला तेव्हा मुलगा वरच्या खोलीतून खाली आला. मोबाइलचा चार्जर नुसता प्लगात होता, तोही काढायला लावला. "तो काय खाणार आहे?" म्हटलं, तर म्हणाले, "खाणार नाही, पण हुंगतो." शेवटी आईची मालिका राहिली. चैत्रातली संध्याकाळ, घामाच्या धारा आणि बंद टीव्हीसमोर बसलेली आई, असं ते दृश्य होतं. मी मीटरपाशी, तात्या भिंतीपाशी, मधे दारात मुलगा. तात्या ओरडले, "चालू!" मुलगा ओरडला, "चालू!" मी मोजायला लागलो.

वीस सेकंद ड्रिल चाललं, दिवा नऊ वेळा लुकलुकला. तीन पैसे. दुसरं भोक, तीन पैसे. तिसरं, तीन पैसे. चौथ्याला खिडकीवरचं लिंटेल लागलं. आत काँक्रीट, मधे सळई. मशीन किंचाळलं, बिटाचं टोक निळं पडलं, भिंतीतून चटणीसारखी पूड येईना. दोन मिनिटांच्या झटापटीत मी त्रेपन्नपर्यंत पोचलो.

"सतरा पैसे!" तात्या कळवळले. "सतरा पैसे खाल्ले भिंतीनं! एकूण सव्वीस."

ते बिट मी दुसऱ्या दिवशी नवीन आणून दिलं, त्याला चांगले पैसे पडले. तात्यांनी ते हिशोबात धरलं नाही. ती वीज नव्हे.

आई मात्र पेटली होती. "माझी मालिका गेली अर्धा तास, त्याचं काय?"

तात्यांनी क्षणभर वर पाहिलं. "टीव्ही साठ वॅट. अर्धा तास बंद. तीस पैसे वाचले. गेले सव्वीस. आई, तुम्ही चार पैसे फायद्यात आहात."

आईनं त्या दिवसापासून तात्यांना चहा विचारणं सोडलं. पण फायद्याचे चार पैसे ती पाहुण्यांना अजून सांगते.

आता हा "धरा दहा रुपये" काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. तात्यांच्या तोंडी हे तीन शब्द इतके असतात की नातवाला शाळेत बाईंनी 'धरा' या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा त्यानं "पृथ्वी" न सांगता "दहा रुपये" सांगितलं म्हणे. (ही गोष्ट तात्या स्वतःच सांगतात, तेव्हा ती खोटी असण्याची शक्यता आहे.) घरगुती विजेचा खरा दर कोणता हे बिल हातात असूनही एका दमात सांगता येत नाही. पहिल्या शंभर युनिटांना एक भाव, पुढं तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत तिसरा, वर चौथा. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार, सोळा टक्के वीज शुल्क. आणि एक दिवा न लावतासुद्धा द्यावा लागणारा स्थिर आकार. या सगळ्याची मोळी बांधून तात्यांनी दहावर आणून ठेवली, त्यात एक मख्खी आहे. हजार वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. युनिटला दहा रुपये म्हणजे हजार पैसे. म्हणजे एक वॅट एक तास चालला की बरोबर एक पैसा. दराचा गुणाकार नको, भागाकार नको. मशीनच्या पाटीवरचे वॅट वाचायचे, तासानं गुणायचे, पैसे तयार! साठ वॅट, एक तास, साठ पैसे. पंच्याहत्तर वॅटचा जुना पंखा, आठ तास, सहा रुपये. कारखान्यातल्या इंजिनिअरांना कॅल्क्युलेटर काढावा लागायचा तिथं तात्या विडी... चुकलो, तात्या विडी ओढत नाहीत, बडीशेप खातात. तर बडीशेप चावत तोंडी सांगायचे.

पाटीबद्दल त्यांचं वेगळं मत आहे. पाटीवरचे वॅट लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखे असतात, म्हणतात. छापलेला एक, लागतो भलताच. सहाशे वॅटचा ग्राइंडर नुसता हवेत फिरवला तर त्याच्या निम्मेही घेत नाही. लोखंडावर दाबला की पाटीपर्यंत जातो, अजून दाबला की पाटीच्या वर जातो आणि मग कार्बन ब्रशांतून ठिणग्या दिसायला लागतात. "म्हणून नवशिक्याच्या हातात मशीन जास्त वीज खातं. तो दाबतो." हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा माझ्या हातात ग्राइंडर होता.

तात्यांबरोबर कुठंही जायची सोय नाही. स्टेशनवर पुण्याची गाडी धरायला उभे राहिलो की मेल गाडी धाडधाड करत निघून जाते. आपण मागं सरकतो, धूळ डोळ्यात जाते, आणि कानाशी आवाज येतो, "सहा हजार घोड्यांचं इंजिन. फुल लोडला मिनिटाला पाऊणशे युनिट. युनिट धरा दहा रुपये." गाडी खुटबावच्या दिशेनं दिसेनाशी होते. "गेले साडेसातशे." जणू खिशातून गेले. पूर्वी डिझेलची इंजिनं होती तेव्हा तात्या प्लॅटफॉर्मवर गप्प असायचे असं जुने लोक हळहळून सांगतात.

एकदा पाहुण्यांच्या आग्रहाखातर आम्ही चौफुल्याला गेलो. चौफुल्याला केडगावकर कशासाठी जातात हे पुणे जिल्ह्यात सांगत बसायला नको. ढोलकी तापलेली, घुंगरं वाजतायत, पुढच्या बाकड्यांवरून शंभराच्या नोटा चाललेल्या. सगळ्यांच्या नजरा जिथं असायला हव्यात तिथं होत्या. एकटे तात्या छताकडे बघत होते. लावणी संपली, टाळ्या पडल्या, तसे ते माझ्याकडे झुकले. मला वाटलं, माणूस शेवटी विरघळला.

"चार हॅलोजन. पाचशेचा एक. तासाला दोन युनिट, धरा वीस रुपये. बाकी सगळी कमाई."

रस्त्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात तर त्यांची रोजची बैठक. पोरगं कटिंग मशीनवर चौदा इंची व्हील लावून चौकोनी पाइप कापत असतं आणि तात्या स्टुलावर बसून कापांचा भाव काढतात. दोन हजार वॅट, एका कापाला पंधरा सेकंद, दहा पैसे. गेटाला साठ काप, सहा रुपये. दुकानाचा मीटर घरगुती नसतो म्हणून इथं ते "धरा बारा" म्हणतात. ही तात्यांच्या आयुष्यातली एकमेव चैन. त्या दुकानदारानं एकदा हात जोडले.

"तात्या, लायटीचं सोडा हो. व्हील शंभराच्या वर गेलंय, ते बोला. रॉडचा पुडा बोला. ह्या पोराची हजेरी बोला. तुमचा एक चहा दहा रुपयाचा. घरच्या भावानं त्यात सव्वाशे काप बसतात!"

"एकशेवीस," तात्या म्हणाले.

आणि गोष्ट खरी होती. हातातल्या छोट्या यंत्रांना वीज लागते ती इतकी किरकोळ की हिशोब करणाऱ्याला शरम वाटावी. ही यंत्रं सेकंदांवर चालतात. वीज खातं ते तासन्‌तास चालणारं: दोन हजार वॅटचा गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर, रात्रभरचे पंखे. ज्याच्या घरी गिझर आहे त्यानं ड्रिलची वीज मोजणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे मी तात्यांना सांगितलं. तात्यांच्या घरी गिझर नाही. ते चुलीवरच्या पाण्यानं अंघोळ करतात. माझा मुद्दा तिथंच संपला.

तात्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं दिवाळीला बॅटरीवरचं ड्रिल आणून दिलं. अठरा व्होल्ट, दोन अँपिअर-अवर, म्हणजे छत्तीस वॅट-तास. चार्जर गरम होतो त्यात थोडं जातं, धरा पन्नास पैशांत पूर्ण चार्ज. फर्निचरवाले कारागीर आता हेच वापरतात, वायर पायात येत नाही. तात्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. "ह्यानं कधी खाल्ली, कुठं खाल्ली, काय पत्ता लागत नाही. खाऊन झाल्यावर काम करतंय." बसल्या जागी मीटरचा दिवा लुकलुकताना दिसायला हवा, त्याशिवाय त्यांना भोक पडल्यासारखं वाटत नाही.

त्यांच्या ओसरीवर सोळा अँपिअरचा एक बोर्ड आहे. आळीतली माणसं फळ्या, पाइप, तुटलेल्या खुर्च्या घेऊन तिथं येतात आणि तात्यांच्या विजेवर, तात्यांच्या हत्यारांनी, तात्यांकडूनच काम करून घेतात. हे मात्र वहीत चढतं. दोनशे पानी वही, पेन दोऱ्यानं बांधलेला. मी पान उघडून पाहिलं: "अंगणवाडी, पाळणा, ग्राइंडर – ९ पै." "देऊळ, घंटेची कडी, ड्रिल – २ पै." "गुऱ्हाळवाले, काहिलीचा कडा, ग्राइंडर – ३१ पै. (दाबतो)." कंसातला शेरा अक्षरशः तसाच. माझ्या नावावर पाच-सहा नोंदी होत्या, त्यांतल्या प्रत्येकीपुढं तोच कंस होता.

वसुलीची अडचण निराळी. २०११ च्या जूनअखेर सरकारनं पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून काढली. ज्या नाण्यांत तात्यांचा सगळा व्यवहार, तीच देशातून गेली. दोन पैसे द्यायचे कसे? तात्यांनी नियम केला, "रुपया भरला की द्या." पण ड्रिलच्या भोकांनी रुपया भरायचा तर तीस-पस्तीस भोकं पाडावी लागतात, आणि तेवढी भोकं पाडण्याइतक्या भिंती आमच्यापैकी कुणाकडे नाहीत. त्यामुळं अवघी आळी तात्यांची कायमची देणेकरी आहे. एका नव्या भाडेकरूनं चिडून दहाची नोट टेबलावर आपटली, "घ्या एकदाचे!" तात्या गोंधळले. त्याच्याकडून नऊ पैसे येणं होतं. ती नोट त्यांनी पुढच्या कामांचा ॲडव्हान्स म्हणून लिहून घेतली. भाडेकरू खोली सोडून गेला, ॲडव्हान्स अजून वहीत आहे. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय आल्यावर एक पोरगा म्हणाला, "तात्या, आता दोन पैसेपण पाठवता येतात की." तात्यांनी विषय बदलला. तेव्हाच मला शंका आली होती, की या माणसाला पैसे नकोच आहेत.

महिनाअखेरीला मात्र ओसरी बंद. "सत्त्याण्णव झालेत," एवढंच सांगतात. शंभराच्या पुढचं युनिट जवळजवळ दुपटीनं महाग. लोकांची समजूत अशी की शंभर ओलांडले की सगळं बिलच वरच्या भावानं येतं. तसं नसतं, वाढीव भाव फक्त शंभराच्या वरच्यांना लागतो, हे तात्यांनी गावभर समजावून सांगितलंय. समजावून सांगतात आणि स्वतः सत्त्याण्णवला ओसरी बंद करतात.

काकूंचं कसं होत असेल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मिक्सरवरून एकदा झालंच. साडेसातशे वॅटचा मिक्सर, लसणाच्या चटणीला दोन मिनिटं, पंचवीस पैसे. तात्या सहज बोलून गेले, की पाट्यावर वाटलेली चटणी चवीला वेगळीच. काकूंनी मिक्सरचं भांडं खाली ठेवलं.

"बरं. पाट्यावर वाटते. माझ्या हाताचे किती धरता?"

आम्ही ओसरीवर होतो. कुठल्याही शहाण्या नवऱ्यानं या प्रश्नाला खोकून उत्तर दिलं असतं. तात्यांनी हिशोब केला.

"माणूस सलग दिवसभर राबला, तर अंगातून निघतात पाऊणशे वॅट. पुस्तकात दिलंय. आठ तासांचे सहाशे. म्हणजे," ते थांबले, पण थांबता थांबता आकडा बाहेर पडलाच, "सहा रुपये."

"दिवसाचे?"

"दिवसाचे."

काकू काही बोलल्या नाहीत. त्या रात्री तात्या आमच्याकडे जेवले. आईनं वाढलं, चहा मात्र तरीही विचारला नाही.

जेवून ओसरीवर बसल्यावर मी त्यांना टोचलं, "काय तात्या, बायकोची किंमत सहा रुपये?" ते नेहमीसारखे हसले नाहीत. घरी जाऊन पिशवी घेऊन आले. ड्रिलच्या खाली, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक गिरमिट निघालं. लोखंडी पातं पिळाचं, वर आडवी लाकडी मूठ. मूठ मधे दोन बाजूंनी झिजून खोल गेलेली, तिथं लाकूड काळं आणि काचेसारखं गुळगुळीत. ती मूठ माझ्या मुठीत नीट बसेना; ज्या हातानं ती झिजली तो हात माझ्यापेक्षा मोठा होता.

तात्यांचे वडील सुतार. बलुत्यावर गावाच्या बैलगाड्या करायचे. बाभळीच्या तुंब्यात आऱ्यांसाठी भोकं घ्यायची, आधी गिरमिट, मग किकरं. एका चाकात दिवस जायचा. संध्याकाळी उजवा खांदा वर होत नसे, म्हणून डाव्या हातानं जेवायचे, आणि डाव्या हातानं जेवतो म्हणून आजी रागवायची. लहानगे तात्या खांद्याला तेल चोळायचे.

"मास्तर, आमच्या खात्यात पहिल्यांदा ड्रिल हातात घेतलं ना, बाभळीच्या ओंडक्यात घातलं. पाच-सहा सेकंदांत आरपार. साहेबानं विचारलं, काय रे, रडतो काय? मी म्हटलं, भुसा गेला डोळ्यात." बडीशेप काढली, पण तोंडात टाकली नाही. "एक पैसासुद्धा नाही लागत हो त्या भोकाला. एक पैसा. बाबा अख्खा दिवस फिरवायचे. आज धरलं तर सहा रुपये."

मग ते उठून गेले. वीस-पंचवीस वर्षं आम्ही ज्याला चिक्कूपणा म्हणत होतो, तो बहुतेक एक न संपणारा अचंबा होता. एवढ्याशात? एवढ्याशात होतं? म्हणून प्रत्येक भोकाला पुन्हा मोजून बघायचं. मुक्ती मिशनच्या भिंतीजवळून जाताना ते चप्पल काढल्यासारखे हळू का चालतात, हेही मला तेव्हा जरासं कळलं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना इथं आणून विणकाम शिकवलं, छापखाना चालवला, बायबलाचं मराठी भाषांतर केलं आणि ते मुलींच्या हातांनी जुळवून छापलं. मी इतिहास म्हणून सांगायला लागलो की तात्या म्हणत, "किती हात लागले असतील हो." मला वाटायचं, तिथंही युनिट काढतायत. काढतच असतील.

पण हा हिशोब जिथं खरोखर करायला हवा तिथं कुणी करू देत नाही. तात्यांनी एकदा तो प्रयत्न केला. आमच्याकडं कालव्याचं पाणी, उसाचं रान, आणि शेतीच्या लाइटीला पाळी: एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोन वाजता लाइट आली तर उठून बटण कोण दाबणार? म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, सगळ्या गावाच्या मोटरी एकदम, आणि मग डीपीचा धूर. मालक घोरतोय, ऊस भिजलाय, सरी भरून पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या वावरात, तिथून रस्त्यावर. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत झाल्यावर तर बटण बंद करायलाही कारण उरलं नाही.

पारावर बसलेल्या मंडळींना तात्या म्हणाले, "पाच घोड्यांची मोटर. आठ तास. तीस युनिट. धरा तीनशे रुपये."

"आमाला काय धरायचं? बिलच न्हाय."

"पैसे ऱ्हाऊ द्या. माणसं धरा. पाऊणशे वॅटचा एक गडी. पन्नास गडी होतात. पन्नास गडी रात्रभर उपसतायत तुमच्या बांधावर, आणि तुम्ही झोपलाय. पाणी रस्त्यावर चाललंय, तरी उपसतायत. एकालाही कुणी बस म्हणत नाही."

पार थोडा वेळ गप्प झाला. मग एकजण म्हणाला, "तात्या, पन्नास गड्यांना च्या कितीचा हो?" आणि हशा झाला. तात्याही हसले. दुसऱ्या दिवशी वहीत त्यांनी कुणाच्याही नावावर न घालता एक ओळ लिहिली: "रस्ता – ३०० रु." ती ओळ आता जवळजवळ रोज वाढते.

मधे एक संकट आलं. तात्यांच्या मुलानं छपरावर सोलर बसवलं, तीन किलोवॅट, सरकारी अनुदानासह. चांगलं ऊन असेल तर दिवसाला बारा-एक युनिटं. बिल जवळजवळ शून्यावर. सगळ्यांनी अभिनंदन केलं, काकूंनी मिक्सरमध्ये पुरणसुद्धा वाटलं. तात्या मात्र उतरले. कुणी फळी घेऊन गेलं तर भोक पाडून द्यायचे आणि मुकाट मशीन पुसायला लागायचे. माणसं घुटमळायची. आकडा न ऐकता काम झाल्यासारखं त्यांनाही वाटेना. शेवटी मीच विचारलं.

"मास्तर, आता युनिट कितीला धरायचं?" तात्या म्हणाले. विकत घेतलेलं युनिट दहा. पण स्वतःच्या छपरावरचं? फुकट धरावं तर ऊन पाडणाऱ्याचा अपमान. दहाच धरावं तर खोटं. वीज कंपनीला परत जातं ते युनिट महिन्याच्या खात्यात वजा होतं, पण वर्षाअखेरीला उरलेल्याला मिळतो तो भाव निराळा, कमी. एकाच ओसरीवर तीन भाव! तात्यांची झोप गेली.

सुटका धुळीनं केली. उन्हाळ्यात हायवेची धूळ आणि उसाच्या पाचटाची राख पॅनेलवर बसली, तशी युनिटं घटली. तात्यांनी पहाटे उठून पॅनेल धुतली, दुपारी मोबाइलवर आकडा बघितला आणि आरोळी ठोकली ती आमच्या घरापर्यंत आली, "दीड युनिट! धुळीनं खाल्लं होतं दीड युनिट! धरा पंधरा रुपये!" आळीनं सुटकेचा श्वास टाकला. आता खर्चाऐवजी ते नुकसान मोजतात, आणि त्यात पैशांऐवजी रुपये असल्यामुळं आवाजही चढलाय. कबुतरांच्या नावावर एक पान आहे. श्रावणातल्या ढगांना दोन पानं लागली.

आणि एक पान माझ्या शेवग्याचं आहे. दुपारी तीननंतर त्याची सावली तात्यांच्या दोन पॅनेलांवर जाते. रोजचे साडेतीन रुपये, असं त्यांनी मला कुंपणावरून कळवलं. मी म्हटलं, तोडा फांदी. ते जिगसॉ घेऊन आले, मग "ओल्या लाकडाला हे दाबावं लागेल" म्हणून परत गेले आणि वडिलांची करवत घेऊन आले. ती करवत निम्म्यात अडकली. शेवटी त्यांच्याच ओसरीवरून वायर ओढून जिगसॉच चालवला, मी दाबला, काकूंनी शेंगा वेचल्या. चौदा पैसे झाले. झाड माझं म्हणून ते माझ्या नावावर लिहावेत असं तात्यांचं म्हणणं, सावली त्यांची म्हणून त्यांच्या नावावर असं माझं, आणि शेंगांची आमटी दोन्ही घरी झालेली असल्यामुळं पंच म्हणून बोलावलेली आई दोघांपैकी कुणाच्याच बाजूनं बोलायला तयार नाही.